गडगडाटांचा आवाज वाढवताना

सूनबाई सभागृहाची ध्वनियंत्रणा सांभाळायची. माइकमध्ये भलताच आवाज आला, की लोकांच्या कपाळाला आठ्या पडत आणि हिचे डोळे चमकत. फोन वाजण्याआधीच शेजारचा स्पीकर का गुरगुरतो, फ्रिज सुरू होताना रेडिओत टक् का होतं, असल्या न दिसणाऱ्या लहरींचा माग काढणं हा तिचा आवडता उद्योग. सासूबाई म्हणायच्या, "हिला भूत दाखवा, ही त्याची वायर शोधेल."

त्या दुपारी मात्र मामला घरचाच होता. सासरे जुने नट. आवाज असा, की सगळे त्यांना गडगडाटच म्हणत. घशाच्या ऑपरेशननंतर त्या गडगडाटाची कुजबुज झाली होती. त्यानंतर आज पहिल्यांदाच ते या सभागृहात लोकांसमोर कथा वाचणार होते. शेवटच्या रांगेला ऐकू गेलं नाही, तर यापुढे आपण फक्त श्रोते, असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं.

सुनेने माइकच्या आवाजाचं बटण कधी नव्हे इतकं वर सरकवलं. कुजबुज छान ऐकू आली, पण खरखरही उफाळली. बटण खाली घेतलं की दोन्ही गायब. दारात लोक जमू लागले होते. तिने खिशातला छोटा रेडिओ काढला, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावला आणि ती निघाली. पंख्याजवळ शांतता. पडद्यामागे शांतता. वाचनाच्या टेबलाकडे वळताच रेडिओ चवताळला. टेबलावरच्या दिव्याचा अडॅप्टर! सासऱ्यांच्या डोळ्यांसाठी तिनेच हौसेने आणलेला. तिने प्लग उपटला. खरखर ठार. ती जवळजवळ नाचलीच.

"चोर सापडला," सासरे डोळे बारीक करून म्हणाले, "पण अक्षरं पळाली की गं."

तिने पिशवीतून साधी सेलची टॉर्च काढली. तिला ना अडॅप्टर, ना खरखर. पण टॉर्च धरून हिने मंचावर उभं राहायचं, तर बटणाशी कोण? सासऱ्यांचा आवाज कुठे बुडतो हे घरात आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं. तिने सासूबाईंना पहिल्या रांगेतून उठवून यंत्रापाशी बसवलं.

"यांना हळू बोला, हळू बोला म्हणण्यात माझा जन्म गेला," सासूबाई पुटपुटल्या आणि त्यांनी पदराला हात पुसून बटणावर बोट ठेवलं.

वाचन सुरू झालं. सून पानावर उजेड धरून उभी होती. पहिला विनोद आला आणि शेवटच्या रांगेतून खदखदून हसू फुटलं. तिने मान वर करून पाहिलं. सासूबाई बटण आणखी जरासं वर सरकवत होत्या.