आंबट झालेली अंडी

अन्याय झाला तो आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांवर. केव्हा, तेही सांगते: मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, जानेवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी पावणेबाराला. जागा अमरावतीतलं आमचं कॉलेज, खिडकीजवळचं टेबल. अन्याय करणारे विभागप्रमुख. गप्प बसणारी मी.

मामा म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर, कंत्राटावरचे. दर जूनला करार नवा व्हायचा. म्हणजे, झाला तर.

आदल्या दिवशी आम्ही दोघं बडनेऱ्याच्या स्टेशनवर गेलो होतो. कोकणातून गाडीने थर्माकोलचा खोका आला होता. आत समुद्राच्या पाण्याच्या बाटल्या आणि सी अर्चिन, समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणारे काट्यांचे गोळे. परतताना ऑटोत खोका मामांच्या मांडीवर. झाकणाच्या फटीतून ओला, अनोळखी वास येत होता, बाहेर पांढुरकं ऊन होतं, आणि मला वाटत होतं की आपण रस्त्यावरून नाही, पाण्याखालून चाललोय. समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता. मी अकोल्याची. मामांचं गाव खारपाणपट्ट्यात, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असं. ते म्हणाले, "आमच्या हिरीत समुद्रच हाये पोरी. लाटा तेवढ्या नाई."

प्रयोग साधा होता. सी अर्चिनचं अंडं निजलेलं असतं तेव्हा आतून किंचित आंबट असतं. शुक्रजंतू शिरला की काही मिनिटांत ते आपल्यातलं आम्ल बाहेर टाकू लागतं, जागं होतं आणि तासा-दीड तासात दोन भागांत विभागतं. आम्ही ते होताना बघणार होतो. बाहेरून पाहुणे प्राध्यापक येणार होते.

म्हणून सोमवारी दुपारी मी काचेच्या बशा चकचकीत करायला घेतल्या. आमच्याकडचं बोअरचं पाणी काचेवर पांढरा थर धरतं. अकोल्यात आई त्यावर लिंबू घासते. मी व्हिनेगर ओतलं. थर गेला. मामांनी बजावलं होतं की डिस्टिल्ड पाण्याने तीनदा विसळ. पाणी संपत आलं होतं. मी एकदाच विसळल्या, तेही उरकल्यासारखं, आणि एकीवर एक रचून ठेवल्या. तळाशी ओल होती. मला दिसली होती.

मंगळवारी स्वच्छ बीकरमध्ये अंडी फळवली आणि अर्धी त्या बशांत काढली. सूक्ष्मदर्शकाच्या गोल उजेडात ती भिजलेल्या साबुदाण्यासारखी तरंगत होती. प्रत्येकाभोवती पातळ पडदा उठलेला. मी बघत राहिले. पंख्याचा, वर्गाचा, कशाचाच आवाज उरला नाही. कोणीतरी झोपेत कूस बदलणार आहे आणि आपण श्वास रोखून उशाशी बसलोय, असं काहीसं.

कूस बदललीच नाही. तास झाला, दीड तास झाला, पावणेदोन तास झाले. बशांतलं एकही अंडं दुभंगलं नाही.

विभागप्रमुख सरांनी पाहुण्यांसमोर मामांना विचारलं की बशा कशात धुतल्या, गावच्या विहिरीत का. सगळे हसले. मग त्यांनी नोंदवही मागवली आणि लिहिलं: परिचराचा निष्काळजीपणा, प्रयोग वाया. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळे चहाला गेले. मीही गेले.

परत आले तेव्हा मामा एकटे टेबलाशी होते. बशीतलं पाणी त्यांनी हलकेच काढून टाकलं होतं, ताजं समुद्राचं पाणी घातलं होतं, पुन्हा काढून पुन्हा घातलं होतं. सूक्ष्मदर्शकाकडे बोट करत मला म्हणाले, "पाय."

मी डोळा लावला. एका अंड्याच्या मधोमध घडी पडत होती, कणकेच्या गोळ्यात बोट दाबावं तशी, सावकाश. मग शेजारच्या अंड्यात. बीकरमधली तर केव्हाच दोनाची चार झाली होती.

"मेले नव्हते ते," मामा म्हणाले. "आंबले होते. बशीले लोनच्यावानी वास येऊन राहिला होता."

म्हणजे त्यांना कळलं होतं. नोंदवही उघडायच्या आधीच कळलं होतं. मी विचारलं, मग बोलले काहून नाही.

"तुले शिकाचं हाये," ते म्हणाले आणि बशा धुवायला घेतल्या. तीनदा.

काढून ठेवलेल्या जुन्या पाण्यात मी निळा लिटमस बुडवला. लाल झाला. व्हिनेगरचं आम्ल अंड्यांच्या आत शिरलं होतं, आणि आत आंबट असेपर्यंत ती विभागणार नव्हती. पुरावा हातात होता, सरांची केबिन दहा पावलांवर. मी तो लिटमसचा कागद माझ्या वहीत ठेवला.

जूनमध्ये मामांचा करार नवा झाला नाही. कारण नोंदवहीतल्या त्या ओळीचं दिलं.

त्यानंतर मी बरीच पत्रकं लिहिली. पाण्यासाठी, वसतिगृहासाठी, कंत्राटी माणसांसाठीसुद्धा. चौकात उभी राहून वाटली. हे एक लिहायचं राहिलं होतं. गप्प राहिलेलं माणूसही आतून आंबतं आणि जागच्या जागी थांबतं. आणि त्याचं पाणी बदलायला दरवेळी मामा येत नाहीत. मागच्या आठवड्यात मी कॉलेजला लेखी दिलं की चूक माझी होती, सोबत तो विटलेला कागद जोडला. आता मामांच्या गावी जाऊन त्यांच्या तोंडावर सांगायचं आहे.

तुमचीही एखादी चूक कुणा खालच्या माणसाच्या नावावर लिहिलेली असेल. कुठल्या वहीत, ते तुम्हाला ठाऊक आहे. आज ती वही मागवा, त्याचं नाव खोडा आणि तिथे स्वतःचं लिहा.