बोटानं वाचणारे अण्णा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका सातबाऱ्याची झेरॉक्स काढत होतो. मशीन थांबवायचं सुचलंच नाही. एकाच कागदाच्या ढीगभर प्रती निघाल्या. महिना उलटलाय, पण अजून दुकानात बसवत नाही. सारखा उठतो, बाहेर जाऊन येतो...

केजच्या तहसीलसमोर भानुदासअण्णा तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून देत. टेबल माझ्या दुकानाला लागून. अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचा, मगच अंगठा घ्यायचा, हा त्यांचा नेम.

दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. हातपाय, बोलणं शाबूत राहिलं. पंधरा दिवसांनी येऊन बसले, झरझर अर्ज लिहिला, वाचायला घेतला आणि थबकले.

"गणेश, ह्ये कुणी लिव्हलंय रं?"

स्वतःचंच अक्षर वाचता येईना! अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी मला समजावलं. अक्षर डोळ्यांना दिसतं, भाषेचा भागही ठीक आहे, पण दोघांना जोडणारे मेंदूतले पांढरे तंतू गेलेत. लिहिण्याची वाट वेगळी, ती चालू आहे.

"म्हंजी दोनी गावं हायती, मधला पूल गेला," अण्णा म्हणाले.

मग ते लिहीत आणि मी वाचून दाखवी. एका बाजारच्या दिवशी दुकानात ही गर्दी! अण्णांनी एका विधवा बाईचा वारसनोंदीचा अर्ज पुढे केला. मी नुसती नजर फिरवली.

"मनात वाचला अण्णा, बरोबर हाय."

त्यांनी अर्ज परत घेतला. कागदावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर गिरवू लागले. हात फिरला की अक्षर तोंडात येई. तासाभरानं मान वर केली.

"मावशे, पोरी दोन सांगितल्या व्हत्या तुमी. धाकलीचं नाव ऱ्हायलं की."

मला माझी लाज वाटली. त्यानंतर अण्णांनी कागद माझ्याकडे दिलाच नाही. मागितला तर म्हणत, "ऱ्हाऊ दे, तुला लई गिऱ्हाइकं हायती." त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागायचं. दिवसाला तीनच अर्ज होत, पण ते गिरवत बसत.

तोंडानं माफी मागायचं धाडस झालं नाही. शेवटी चिठ्ठी लिहून त्यांच्या कागदांत सरकवली. वाचता न येणाऱ्या माणसाला चिठ्ठी... चारच दिवसांनी ते गेले.

परवा त्यांच्या मुलानं टेबलाचा खण रिकामा केला, त्यात ती निघाली. लोकांचे अंगठे घेऊन अण्णांचं बोट शाईनं निळं झालेलं असे. पहिल्या ओळीवर, अक्षराअक्षरावर, ते निळे डाग आहेत. त्या ओळीत मी नुसती तब्येत विचारली होती. माफी दुसऱ्या ओळीत आहे, आणि तिथं एकही डाग नाही.