चरबीची वाटी

ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या त्या दरीत स्कीचे बूट पायावर बसवून घ्यायचे तर ओटमारकडूनच, आणि ओटमारचा बूट म्हणजे छळ, या दोन्ही गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. "दुखतो तोच बूट बर्फावर नीट वळतो," असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा. मग त्याची बायको फिलोमेना पुढे यायची, गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घेऊन चाचपायची आणि टोचेल तिथे बुटाचं प्लॅस्टिकचं कवच तापवून फुगवून द्यायची. "पाय बधिर झाला की वळणार कशाने? तुझ्या तोंडाने?" असं नवऱ्याला सुनवायची. दोघांच्या भांडणातून बूट मात्र नेमका उतरायचा.

उन्हाळ्यात फिलोमेना गेली. भांडायला कोणी उरलं नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ओटमारचे बूट आणखीच घट्ट होऊ लागले.

मृतात्म्यांच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तिथे घरोघरी चुलीवर दूध आणि चरबीची वाटी ठेवतात. परलोकात भाजलेल्या अंगाला आत्म्यांनी ती चोळावी म्हणून. ओटमारने वाटी ठेवली ती दुकानातल्या कामाच्या बाकावर. फिलोमेनाविना स्वयंपाकघरात पाऊल टाकवत नव्हतं, हे खरं कारण. बाकावर शेजारच्या बुर्गीचे बूट होते. रविवारी हिमनदीवर तिची स्कीच्या संघासाठी निवडचाचणी होती आणि तिने बूट हट्टाने घट्ट मागितले होते. गेल्या हिवाळ्यात असल्याच बुटात तिच्या पायाची करंगळी गारठून काळी पडली होती. थोडक्यात वाचली.

सकाळी चरबीवर बोटं उमटलेली होती, आणि बुटाचं कवच नेमकं करंगळीपाशी फुगलेलं.

"उंदीर," ओटमार म्हणाला. उंदराला प्लॅस्टिक तापवता येत नाही हे त्यालाही कळत होतं. त्याने कवच पकडीत आवळून पुन्हा पहिल्यासारखं केलं, दुकानाला कुलूप घातलं आणि जेवायला गेला. परत आला तर ते पुन्हा फुगलेलं, आणि हाताला कोमट. त्याच्या अंगावर काटा आला. त्याहून जास्त राग आला.

"मेल्यावरही स्वतःचंच खरं करणार का?" तो रिकाम्या दुकानाला म्हणाला.

तेवढ्यात बुर्गी आली. बूट घालून, चाप लावून तिने गुडघे वाकवले.

"सैल वाटतोय?" ओटमारने विचारलं.

"नाही काका. टाच जागची हलत नाही, पण बोटं हलतायत." तिने बोटं पुन्हा हलवून पाहिली. "आत कोणीतरी पाय धरून बसलंय असं वाटतं. हात तुपकट आहे."

"काढ. आवळून देतो."

"राहू द्या. काकू असंच धरायच्या."

रविवारी बुर्गीची निवड झाली. धडधाकट पायांनी ती खाली आली, आणि ओटमारला झालेला आनंद लपवता आला नाही.

दुकानात परतला तर बाकावर त्याचेच जुने बूट होते. डाव्या पायाला सोसेनात म्हणून त्याने ते माळ्यावर टाकले होते, पण फिलोमेनाला कधी हात लावू दिला नव्हता. आता डाव्या बुटाचं कवच घोट्याच्या हाडापाशी फुगलेलं होतं. शेजारची वाटी पुसून स्वच्छ होती.

तो बसला. पाय आत सरकवला. काहीच दुखलं नाही, आणि त्याला रडू आलं. मग खालचा चाप आपोआप लागला. त्यानंतर वरचा.

"जरा सैल ठेव," ओटमार म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा.