तिचं तिले सांगू द्या

आमचे इंग्रजीचे सर एकाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडून कधीच ऐकून घेत नसत. हजेरीच्या वेळी मैत्रिणीने "सर, तिचं पोट दुखून राहिलं" असं सांगितलं, की सर म्हणत, "पोट तिचं हाये ना? मंग तिचं तिले सांगू दे." पोट धरून बसलेल्या मुलीला उठून सांगावंच लागे. सांगितलं की सुट्टी लगेच मिळे, हेही खरं.

आसगावच्या आसपासच्या खेड्यांतली आम्ही मुलं त्यांना पाठीमागे 'मायसेल्फ सर' म्हणायचो. पहिल्याच दिवशी आम्ही ओळीने उठून "मायसेल्फ सुनीता", "मायसेल्फ विलास" अशी ओळख ठोकून दिली होती. सरांनी सगळ्यांना पुन्हा उभं केलं. "मायसेल्फ एकटा उभा राहत नाही बापा. त्याच्या पहिले 'आय' पाहिजे. पहिले मी आहो म्हणा, मंग सोताचं काय ते सांगा." आमची खोड गेली, पण तो शब्द त्यांनाच चिकटला.

इंग्रजी शिकवत, पण तिचा दबदबा वाटू देत नसत. फळ्यावर 'सीमा टुक हर बुक' लिहीत आणि विचारत, पुस्तक कोणाचं? सीमाचं, की तिच्या शेजारणीचं? मग स्वतःच सांगत, "लय गरीब भाषा हाये. आपल्या भाषेत सीमानं आपलं पुस्तक घेतलं तर मास्तरले काम नाही. तिचं घेतलं, तर मास्तरले भांडण सोडवा लागते." वर्ग हसायचा आणि सगळ्यांत जास्त सरच हसायचे.

त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. पुनर्वसनातल्या नव्या घराच्या ओट्यावर बसून एकदाच ते माझ्याशी त्याबद्दल बोलले. "आमच्या वतीनं बोलणारे लय होते पोरी. सभेत तेच बोलले, निवेदन त्यायनंच देलं. माझ्या मायले कोणी विचारलंच नाही, का बाई तुले कुठं राहाचं हाये." त्यांचा तो हट्ट कुठून आला, हे मला त्या दिवशी कळलं.

मी बारावी झाले आणि मला पाहायला पाहुणे आले. मला नर्सिंगला जायचं होतं, पण घरात ते ऐकून घ्यायला कोणाला सवड नव्हती. स्थळ बाबांच्या थोरल्या भावाने, म्हणजे मोठ्या बाबांनी आणलेलं. ते वरठीच्या कारखान्यात होते, मुलगाही तिथलाच. चार शिकलेली माणसं असावीत म्हणून सरांनाही बोलावलं होतं. मी पोह्यांच्या बशा ठेवल्या, तेव्हा एका पाहुण्याने विचारलं, "पुढं शिकाचं हाये का बाई?"

"नाही जी," मोठे बाबा म्हणाले, "तिले शिकाची हौस नाही. घरकामात हुशार हाये."

सरांनी बशी खाली ठेवली. "भाऊ, सवाल तिले केला. तिचं तिले सांगू द्या."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. सरांनी मला धीर दिला नाही, शब्दही पुरवला नाही. नुसते वाट पाहत बसले. "मले नर्सिंग कराची हाये," मी म्हणाले.

पाहुणे चहा पिऊन, जय भीम करून निघून गेले. मोठे बाबा पुढे कित्येक दिवस सरांशी बोलले नाहीत. बाबा संध्याकाळभर धानाच्या बांध्यांवरून फिरत राहिले आणि घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "मंग काहून नाही सांगितलं आधी?" तेच मला नागपूरला घेऊन गेले.

त्या नर्सिंगने मला पुढे नॉर्वेत नेलं, वृद्धांच्या सेवेला. तिथल्या भाषेच्या वर्गात बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले. 'सिन' म्हणजे सीमाचं आपलं, 'हेन्नेस' म्हणजे दुसरीचं. इंग्रजी बोलणारी मंडळी डोकं धरून बसली आणि मला हसू आवरेना. घरी येऊन मी सरांना फोन लावला. "सर, इथं सीमाचं भांडण होतच नाही."

"मंग ते भाषा गरीब नाही," सर म्हणाले. "मन लावून शिक."

आज मी जी कोणी आहे, ती त्या दिवशी सरांनी मला बोलू दिलं म्हणून आहे. हे मी त्यांना सांगितलं तर ते विषय बदलत.

मग सरांना लकवा मारला. सुट्टीत भेटायला गेले, तेव्हा ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. उजवा हात लुळा, जीभ जड. मी विचारलं, "कसं वाटते सर?"

"आता चांगले हायेत," सरांचा मुलगा म्हणाला.

"जेवण जाते?"

"दूधभात आवडते त्यायले," सरांच्या पत्नी, काकू म्हणाल्या. "तेच देतो दोन्ही टाइम."

दोघंही मायेनेच बोलत होती. सर मात्र माझ्याकडे पाहत होते.

"काकू," मी म्हणाले, "त्यायचं त्यायले सांगू द्या."

आम्ही थांबलो. सरांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. शब्द पुरवायचा मोह मला फार झाला, पण मी तोंड मिटून बसले. "दूध… नाही," सर म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "मासोळी."

काकूंनी तोंडाला पदर लावला. "काटा अडकंल म्हणून देत नव्हतो जी," म्हणत त्या आत गेल्या. संध्याकाळी त्यांनी मासोळीतला एकेक काटा काढून, रश्शात भात कालवून आणला आणि घास भरवायला खाटेवर बसल्या. सरांनी मान हलवली आणि डाव्या हाताने वाटी आपल्याकडे ओढून घेतली. रस्सा बराच सांडला. कोणीही हात पुढे केला नाही.