दगडी हत्तीचं ऐकून पेरलेली टरबुजं

आमच्या बऱ्हाणपुरात तापीच्या पात्रात एक दगडी हत्ती आहे. पावसाळ्यात तो बुडतो, मग पाणी उतरेल तसा वर येतो. आधी पाठ, मग पोट. त्याचे पाय उघडे पडले की वाळूत टरबुजाचं बी टाकायचं, हा आमच्याकडचा रिवाज. पंचांग कोण बघतो! दिवाळी होऊन गेली की पाय दिसायचे, अगदी ठरल्यासारखे.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. बऱ्हाणपूर कोणत्या राज्यात राहणार, यावर घाटावरची माणसं तेव्हा तासन् तास भांडत. माय धुणं आपटत म्हणायची, "भांडा तुम्ही. तापी तर कुणाला न विचारता रोज खानदेशात जाते."

त्या वर्षी पाऊस भादव्यातच निघून गेला. दसऱ्यालाच हत्तीचे पाय दिसले. सकाळी पाण्यावरून वाफ उठायची, त्यात तो चालतोय असं वाटायचं, आणि मी बघतच राहायचे.

मायने राखेत जपलेलं बी काढलं. तिच्या आईकडून आलेलं ते. तसं दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. माझी मोठी काकू, म्हणजे मायची जाऊ, काठावरून ओरडली, "अगं, अर्धं तरी ठेव गाडग्यात! कार्तिक लागला नाही अजून."

"हत्ती खोटं बोलतो का, जाऊबाई?"

"हत्ती दगडाचा आहे, बाई. वर मेळघाटात काय चाललंय ते त्याला काय ठाऊक?"

मायने सगळं टाकलं. काकू मात्र आपलं बी राखून थांबली.

वेल हातभर झाले, आणि कार्तिकात आभाळ भरून आलं. असा पाऊस आम्हाला नवा होता. आता काय, दोन-तीन वर्षांआड येतो, नवल राहिलं नाही. भर दुपारी नदी गढूळ होऊन चढली. आवाजही फार नव्हता. हिरवे वेल पाण्यावर पसरले, लांब लांब, कुणी बाई केस मोकळे सोडून निजल्यावाणी, आणि गेले. खोटं कशाला सांगू, मला ते सुंदरच दिसलं. मायच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा कळलं, काय गेलं ते.

पाणी उतरल्यावर ती काकूच्या दारात गेली. काकूने टोमणा मारलाच, "आता हत्तीलाच माग बी!" आणि बोलता बोलता ओंजळभर बी तिच्या पदरात घातलं.

चैत्रात टरबुजं आली, मोठी, लाल. मायने पहिलं फोडलं, आम्हाला दिलं, आणि स्वतः एक फोड घेऊन कितीतरी वेळ चघळत बसली.

"गोड आहे," म्हणाली. "पण माझ्या आईचं नव्हे."

आम्ही खातच होतो. रस कोपरापर्यंत ओघळत होता.