दुभाषी बाईंनी जमवलेला वनकरार

दुभाषी बाईंचं बालपण आई आणि काकूंचे निरोप पोचवण्यात गेलं. दोघींचा अबोला होता आणि स्वयंपाकघर एकच, त्यामुळे निरोपातलं विष वाटेतच काढून टाकायची सवय त्यांना तेव्हाच लागली. पुढे सीमेवरचं जंगल वाचवायला दोन शेजारी देशांची परिषद भरली, तेव्हा काचेच्या खोलीत हेडफोन लावून बाईच बसल्या होत्या.

पहिले मंत्री कडाडले, "तुमच्या वणव्यांचा धूर आमच्या पोरांच्या छातीत जातोय. लाज वाटते का?"

बाई माइकमध्ये म्हणाल्या, "आपल्या दोघांची हवा एकच आहे, याची आम्हाला जाणीव आहे."

दुसरे गुरगुरले, "आधी आमचं लाकूड चोरणारे तुमचे ट्रक आवरा."

"ट्रकांवर आपण मिळून लक्ष ठेवू, असं ते सुचवताहेत," बाईंनी सांगितलं.

दोघेही आधी चकित झाले, मग विरघळले. संध्याकाळी सह्या झाल्या. वर्तमानपत्रांनी मंत्र्यांच्या समजूतदारपणाचं तोंडभरून कौतुक केलं. दोन्हीकडचे वनरक्षक एकत्र गस्त घालू लागले, पण त्यांना एकमेकांची भाषा कळेना. मग पाल दिसली तरी खुर्चीवर चढणाऱ्या बाईंची बदली सरकारने थेट जंगलातल्या चौकीत केली. हल्ली त्या मच्छरदाणीत बसून रक्षकांच्या शिव्यांचं भाषांतर करतात. वणवे मात्र खरोखरच कमी झाले आहेत.