अंगठ्याची पारख

पांढुर्ण्याच्या मंडीत एक काका संत्री पेटीत भरायचे. कॉलेजला जाताना मी रोज तिथे थांबायचो. प्रत्येक फळ ते अंगठ्यानं दाबून पाहायचे आणि नरम लागलं की बाजूला टाकायचे. "एक सडलं का पेटी गेली, बाबू."

त्यांच्या गालात गाठ आली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला, ऑपरेशन लवकर करा म्हणाले. काका मात्र लोधीखेड्याच्या वैद्याची पुडी मधात चाटत होते.

"ऑपरेशन करून घ्या ना, काका," मी चाचरत म्हणालो.

"चाकू लागला का पसरते ते. पुडीनं नरम होऊन राहिली, पाह्य."

त्यांनी माझा अंगठा धरून गालावर ठेवला. गाठ दगडासारखी टणक होती. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी हळूच अंगठा काढून घेतला.

मग त्यांनी पुढचं संत्रं उचललं आणि न दाबताच पेटीत ठेवलं.